वाचकांचे प्रश्न : खाण्याचा आजार आणि घरातलं ताट

मुलगी जेवत नाही, रात्री चोरून खाल्लं जातं, खाल्लेलं उलटून काढते, अशा आशयाची पत्रं सध्या या सदराकडे सतत येत आहेत. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलं आहे. उत्तरं मानसोपचार आणि आहारशास्त्र अशा दोन्ही बाजूंनी मिळून लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. खाली कुठेही कॅलरींचे आकडे किंवा 'इतक्या उंचीला इतकं वजन' असा तक्ता मिळणार नाही. तो मुद्दाम दिलेला नाही. हा आजार झालेली मुलगी असे आकडे शोधतच असते आणि मग त्याहून खाली जाण्याची स्वतःशी शर्यत लावते.

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, सोबत नीटचा क्लास. दहावीच्या सुट्टीत 'जरा बारीक होते' म्हणून भात सोडला, मग गोड, मग तेल. आता पोळीही अर्धीच खाते. आम्हाला मात्र केक करून घालते, स्वतः चाखतसुद्धा नाही. पाच महिने पाळी नव्हती. गोळ्या दिल्या तेव्हा आली, पुन्हा बंद. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. म्हणते, "मला जाड व्हायची भीती वगैरे काही नाही, भूकच लागत नाही, पोट फुगतं." हा हट्ट आहे की आजार? — एक आई, नाशिक

हा हट्ट नाही. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आजाराचं हे ओळखीचं चित्र आहे. नक्की निदान डॉक्टर तपासूनच करतील, पण 'बारावी होऊ दे, मग बघू' असं अजिबात करू नका. आजार जितका जुना, तितका तो हटायला वेळ घेतो.

गोळ्यांनी आलेल्या पाळीवर विसंबू नका. बाहेरून दिलेली संप्रेरकं थांबली की गर्भाशयाचं अस्तर गळतं आणि रक्तस्राव होतो, एवढंच. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही म्हणून मेंदूने अंडाशयांना संदेश पाठवणं थांबवलं आहे. ते तसंच राहतं आणि हाडांची झीजही चालूच राहते. हाडांचा बहुतेक भरणा विशीच्या आत होतो, त्यामुळे या वयात गेलेले महिने पुढे पूर्ण भरून निघतीलच असं नाही. पाळी सहा महिन्यांच्या वर बंद असेल तर डॉक्टरांना डेक्सा स्कॅनबद्दल (हाडांची घनता मोजणारी तपासणी) विचारा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जरूर द्या, पण हाडांचा खरा उपाय वजन परत येणं हाच आहे.

रिपोर्ट नॉर्मल असणं ही सुटकेची बातमी समजू नका. शरीर शेवटपर्यंत रक्तातलं प्रमाण सांभाळून धरतं आणि ढासळतं तेव्हा एकदम ढासळतं. तपासणीत नाडी आणि रक्तदाब दोनदा मोजायला सांगा: पाच मिनिटं आडवं झाल्यावर एकदा आणि उभं राहिल्यावर एकदा. सोबत ईसीजी, हिमोग्राम, साखर, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, थायरॉइड. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुधा नसतं, ते वेगळं लिहून घ्यावं लागतं. वजन घटण्याची क्षयरोग, मधुमेह, आतड्याचे आजार ही कारणंही डॉक्टर वगळून घेतील. आणखी एक: उपासमारीत टी-३ हे थायरॉइडचं संप्रेरक खाली येतं. ती शरीराची काटकसर आहे, थायरॉइडचा आजार नव्हे. त्यावर थायरॉइडची गोळी सुरू झाली तर वजन आणखी उतरतं आणि हृदयावर ताण येतो.

दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, दोन दिवस जवळजवळ काहीच न खाणं-पिणं, जीव देण्याची भाषा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि अशक्तपणा दिसला म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर गेली की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं, आणि हृदय व श्वासाचे स्नायू अडखळू शकतात. ब-१ जीवनसत्त्व कमी असताना असं सलाईन मेंदूलाही इजा करतं. त्यामुळे आधी तपासणी, गरज असेल तर ब-१, आणि मग अन्नाची वाढ पायरीपायरीने. पहिल्या दहा दिवसांत पायावर सूज, धाप किंवा गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर ताबडतोब कळवा.

"जाड व्हायची भीती नाही" हे ऐकून आजार नाही असं समजू नका. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की तिथल्या अनेक रुग्ण मुली लठ्ठपणाच्या भीतीबद्दल बोलतच नाहीत, पोट गच्च होतं, भूक नाही, एवढंच सांगतात. आपल्याकडेही अशा मुली आधी पोटाच्या डॉक्टरांकडे फिरून मग मानसोपचाराकडे येतात. पोट फुगणं खोटं नसतं. कमी खाल्ल्याने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि दोन घासांतच भरल्यासारखं होतं. त्यावर इलाज नियमित खाणं हाच. काही आठवड्यांत ते उतरतं.

केकबद्दल लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. शरीराचा जवळपास चौथा हिस्सा वजन उतरेपर्यंत त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नव्हतं. पाककृतींची पुस्तकं वाचत बसणं, ताटाशी तासन्‌तास खेळणं, चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा, सगळं आलं. बारीक दिसायची हौस त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती. त्यांना मिळणारं जेवण आज मोबाइलवर फिरणाऱ्या अनेक 'डाएट प्लॅन'पेक्षा जास्तच होतं. मुलीचं आजचं वागणं बरंचसं या उपासमारीचं आहे, तिच्या स्वभावाचं नाही. म्हणून समजूत घालण्याआधी, कारणं शोधण्याआधी, अन्न.

अठराच्या आतल्या मुलींसाठी सर्वांत चांगला अनुभव असलेली पद्धत कुटुंबाला धरून चालते. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात ती आकाराला आली. तीत काही काळ जेवणाची सगळी सूत्रं पालकांच्या हातात येतात. काय, किती, केव्हा हे तुम्ही दोघं ठरवणार. ताट तुम्ही वाढणार. स्वयंपाकघरात तिचं काम नाही, तेल मोजणं नाही, वजनकाटा नाही. दिवसात तीन जेवणं आणि तीन मधली खाणी. ताट अंदाजे असं: आठ वाजता दोन वाट्या पोहे भरपूर दाणे घालून आणि पेलाभर सायीचं दूध. अकराला केळं आणि लाडू. दीडला तीन पोळ्या, भाजी, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर भात, दोन चमचे तूप, दही. साडेचारला थालीपीठ-लोणी किंवा दोन अंडी-पाव. साडेआठला पुन्हा पूर्ण जेवण. झोपताना दूध. हे गाठायचं ठिकाण आहे, पहिल्या दिवसाचं ताट नव्हे. आज जितकं खाते त्याच्या जरा वरून सुरुवात करा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर दोन-तीन दिवसांनी एकेक भर घाला. दुधात फॉस्फेट भरपूर असतं, म्हणून पहिली भर दूध-दह्याची सोयीची. फक्त सॅलड, फळं, ताक यांनी पोट भरतं, वजन येत नाही.

जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं. एक मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं, आणि नंतर तासभर ती नजरेसमोर हवी, बाथरूमला जायचं असेल तर जेवणाआधी. पोळी ओढणीत, रुमालात, खिडकीबाहेर जाते. यात लबाडी शोधून भांडू नका, शांतपणे दुसरी पोळी वाढा. वाद घालायचा नाही, लाडीगोडीही फार नाही. "अवघड जातंय ते दिसतंय मला. हा घास घे." इतकंच, पुन्हा पुन्हा. आई सांगते आणि बाबा "जाऊ दे, राहू दे आज" म्हणतात, तिथे आजाराला फट मिळते. दोघांचं एकमत जेवणाच्या टेबलावर नाही, आधी खोलीत ठरवा.

वजन आठवड्यातून एकदाच, दवाखान्यात, लघवी करून आल्यावर, हलक्या कपड्यांत. आधी दोन लिटर पाणी पिऊन किंवा खिशात वजन ठेवून काटा फसवला जातो, म्हणून घरचा काटा काढूनच टाका. धावणं, दोरीउड्या, उभं राहून अभ्यास करणं बंद. क्लासला काही आठवडे सुट्टी घ्यावी लागली तर घ्या. घरातल्या सगळ्यांना एक निरोप द्या: "तब्येत सुधारली हां!", "आता कशी अंगात भरलीस" असं कौतुक कुणी करायचं नाही. आजारातल्या कानांना त्यातून 'जाड झालीस' हेच ऐकू येतं. तिच्या दिसण्याबद्दल बरं-वाईट काहीच बोलू नका. हळूहळू सूत्रं परत तिच्या हाती द्यायची असतात, पण ते वजन आणि पाळी जागेवर आल्यानंतर. सहा महिने ते वर्ष धरून चाला. त्यातले पहिले दोन महिने घरासाठी सर्वांत कठीण असतात, ती रडेल, ओरडेल, तुम्हाला शत्रू म्हणेल. म्हणून तुमच्यासाठीही बोलायला एक माणूस ठरवून ठेवा.

प्रश्न : चार दशकं शाळेत शिकवलं, असं काही पाहिलं नाही. हे टीव्ही-मोबाइलने आणलेले शहरी चोचले नाहीत का? — निवृत्त शिक्षक, सोलापूर

टीव्ही-मोबाइलचा हात आहे, हे तुमचं खरं. फिजी बेटांवरच्या नाड्रोगा भागात भरल्या अंगाला मान होता. १९९५ मध्ये तिथे टीव्ही पोहोचला. संशोधक ॲन बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं, तर वजनासाठी उलटी काढणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा ११ टक्क्यांहून जास्त मुलींनी 'हो' म्हटलं.

पण आजार त्याहून जुना आहे. लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या शार्ल लासेग या डॉक्टरांनी तो १८७३ मध्ये वर्णन करून ठेवला होता. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की धोक्यातला निम्म्याच्या आसपास वाटा जनुकांचा असतो. म्हणून एकाच वर्गातल्या चाळीस मुली डाएट करतात आणि एखादीलाच ते सोडता येत नाही. तुमच्या वर्गातही अशी मुलगी असेल, फक्त ती 'कडक उपास करणारी' किंवा 'पित्ताची' म्हणून ओळखली गेली असेल. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनाच हा आजार होतो, हेही खरं नाही. त्यांचंच निदान आधी होतं, इतकंच.

प्रश्न : वय २७, आयटीत नोकरी. दोन स्थळांकडून 'मुलगी अंगाने जरा जास्त आहे' असा निरोप आला. तेव्हापासून दिवसभर काळी कॉफी आणि काकडी. रात्री सगळे झोपले की फरसाण, पाव, श्रीखंड, जे सापडेल ते, आणि मग उलटी. आठवड्यातून चार-पाचदा. कधी रेचकाच्या गोळ्या. वजन होतं तेवढंच आहे. आता लग्न ठरलंय आणि लेहंगा एक माप कमी शिवायला टाकलाय. कुणालाच माहीत नाही. — पुणे

तुम्ही हे लिहिलंत, ही मोठी गोष्ट केलीत. याला बुलिमिया नर्व्होसा म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. वजन जागेवर असल्याने बाहेरून कुणाला दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं लपून राहतो.

रात्रीचा ताबा सुटणं ही मनाची कमजोरी नाही. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर संध्याकाळी हिशोब मागतं. त्यात 'फरसाण खायचं नाही' असा नियम, तो एका मुठीने मोडतो, मग 'गेलंच आजचं सगळं' असं वाटून उरलेलं पाकीट संपतं, मग उलटी, मग उद्या आणखी कडक उपास. हे चक्र रात्री तोडायला जाल तर तुटत नाही. ते सकाळी तोडायचं असतं.

ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बसवलेल्या उपचारपद्धतीत साधारण २० आठवड्यांत २० भेटी असतात, आणि पहिल्या आठवड्यांतला गाभा एवढाच: तीन जेवणं, दोन किंवा तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक लागो न लागो, घड्याळ बघून खायचं. उद्यापासून साडेआठला नाश्ता, डब्यात पोळी-भाजी आणि भात, साडेचारला फुटाणे-दाणे किंवा सँडविच, साडेआठला जेवण. रात्री ताबा सुटला आणि उलटी झाली, तरी दुसऱ्या दिवशी साडेआठचा नाश्ता चुकवायचा नाही. बहुतेक जणी इथेच अडखळतात. 'काल एवढं खाल्लंय' म्हणून सकाळ सोडली की चक्र पुन्हा पहिल्या पायरीवर.

एक लहान वही ठेवा. वेळ, काय खाल्लं, कुठे, ताबा सुटल्यासारखं वाटलं तर बाजूला फुली, आणि त्याआधी काय झालं होतं: फोन, भांडण, एकटेपणा, आरशासमोरचा वेळ. आकडे लिहायचे नाहीत. खाल्ल्यावर लगेच लिहायचं, रात्री आठवून नव्हे. दोन आठवड्यांत तुमच्याच अक्षरात दिसेल की फुल्या कुठल्या वेळी पडतात. उलटीची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि उतरते. अर्धा तास दुसऱ्या कशात घालवता आला तर ती ओसरते: बहिणीला फोन, अंघोळ, खाली एक फेरी. यादी आधीच करून फ्रिजवर नव्हे, मोबाइलमध्ये ठेवा.

उलटीने सगळं बाहेर पडत नाही, खाल्लेल्यातला बराच भाग शरीरात राहतो. रेचकांचा तर वजनाशी संबंधच नाही. अन्नाचं शोषण लहान आतड्यात होतं, सोनामुखी किंवा बिसाकोडिल काम करतं मोठ्या आतड्यावर. काट्यावर उतरतं ते पाणी. रेचक बंद केल्यावर आठवडा ते तीन आठवडे अंगावर सूज येते आणि काटा वर जातो, ती चरबी नव्हे, तेव्हाच घाबरून बहुतेक जणी पुन्हा गोळी घेतात. पाणी, फळं आणि चालणं यांवर ते दिवस काढा.

उलटीनंतर लगेच दात घासू नका, आम्लाने मऊ झालेला दातावरचा थर ब्रशने निघून जातो. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून चुळा भरा आणि तासभर थांबा. लिंबू सरबत किंवा कोकम त्या वेळी नको. दातांच्या डॉक्टरांना खरं कारण सांगा. समोरच्या वरच्या दातांची आतली बाजू बघून त्यांना शंका आलेलीच असते. गालाखालच्या गाठी सुजल्याने चेहरा गोल दिसतो आणि आरशात 'जाड झाले' वाटतं. उलट्या थांबल्या की ते उतरतं.

या आठवड्यात सोडियम, पोटॅशियम आणि ईसीजी करून घ्या. पोटॅशियम घसरलं तर हृदयाचा ठोका चुकतो, आणि ते अगोदर जाणवतंच असं नाही. उलटीत रक्त, छातीत दुखणं, स्नायूंत गोळे, चक्कर: थेट तातडीच्या विभागात. मानसोपचारतज्ज्ञ फ्लुऑक्सेटिन देऊ शकतात. या आजारात ते बहुधा ६० मिलिग्रॅमपर्यंत लागतं, उदासीनतेच्या नेहमीच्या २० पेक्षा जास्त. ते एकटं पुरत नाही, वरच्या उपचाराला हातभार लावतं. बुप्रोपिऑन हे औषध मात्र या आजारात देत नाहीत, त्याने झटके येऊ शकतात. डॉक्टरांपासून उलट्या लपवल्या तर हा धोका त्यांना कळणार नाही.

लेहंग्याचं: शिंप्याला आजच फोन करा. आत्ताच्या मापाचा शिवायला सांगा आणि दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच माया ठेवायला सांगा. कपडा तुमच्या अंगाला बसवायचा आहे, तुम्ही कपड्याला नाही. आणि घरातल्या एका माणसाला सांगा. आईला सांगणं जड जात असेल तर बहीण, मावशी, मैत्रीण. ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला सांगायचं का, हे तुम्ही ठरवा. पण लग्नानंतर आपोआप थांबेल, या भरवशावर राहू नका. नव्या घरात, नव्या स्वयंपाकघरात लपवालपवी वाढते.

प्रश्न : वय ३४, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार). प्रत्येक डॉक्टर म्हणतात 'वजन कमी करा, बाकी सगळं ठीक होईल.' १६ तास उपाशी राहण्याचं डाएट करते. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री अर्ध्या तासात अख्ख्या घराचं खाणं संपवते. उलटी करत नाही. स्वतःचीच किळस येते. — छत्रपती संभाजीनगर

ताबा सुटून, भराभर, एकट्याने, पोट दुखेपर्यंत खाणं, आठवड्यातून किमान एकदा आणि तीन महिने, नंतर किळस आणि अपराधीपणा: हा बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतो. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत तो इतरांपेक्षा जास्त दिसतो, आणि त्यांना मिळणारा 'वजन कमी करा' हा एका ओळीचा सल्ला त्याला खतपाणी घालतो.

क्रम बदला. आधी हे ताबा सुटणं, वजनाचा विषय नंतर. १६ तासांचा उपास आजपासून बंद. वरच्या उत्तरातलं वेळापत्रक तुम्हालाही तसंच लागू आहे. सकाळच्या ताटात प्रथिनं हवीत: दोन अंडी, मुगाचं धिरडं, उसळ किंवा पनीर. झोप सात तास. चालणं जरूर, पण 'खाल्लेलं जाळण्यासाठी' नको. इन्शुलिनचा प्रतिसाद चालण्याने सुधारतो, वजन तेवढंच असलं तरी.

पुढच्या भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांना या शब्दांत सांगा: "आठवड्यातून इतक्या वेळा माझा खाण्यावरचा ताबा सुटतो. आधी त्यावर उपचार हवेत." साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, पाळी यांवर लक्ष ठेवता येतं आणि ठेवावं. वजन घटवण्याची आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडेही सहज मिळू लागली आहेत. खाण्याच्या आजाराची माहिती डॉक्टरांना दिल्याशिवाय ती सुरू करू नका.

प्रश्न : नात या आजारातून सावरते आहे. घरात नवरात्राचे नऊ दिवस उपास असतात. ती हट्ट करते, 'मीही करणार, देवीचं आहे.' नाही म्हणायला मन धजत नाही. — आजी, सातारा

आजी, नाही म्हणा. तुमच्या तोंडून आलेलं 'नाही' आई-बाबांच्या 'नाही'पेक्षा जास्त पोहोचेल. आजारी माणसाला, गरोदर बाईला, लेकराला उपास नाही, ही रीत तुम्हालाच तिच्यापेक्षा चांगली माहीत आहे. साबुदाण्याच्या खिचडीची अडचण नाही. उपासाच्या नावाखाली न जेवण्याला सगळ्या घराची परवानगी मिळते, ही अडचण आहे. चतुर्थी, एकादशी, मंगळवार यांनाही तोच नियम, वजन आणि पाळी स्थिर होऊन निदान वर्ष उलटेपर्यंत. घटाची माळ ओवणं, आरती, फुलं आणणं हे तिच्याकडे द्या. आणि जमलं तर यंदा तुम्हीही तिच्याबरोबर सकाळचं ताट घेऊन बसा.

प्रश्न : शाळेच्या मुलींच्या कुस्ती आणि कबड्डी संघाला शिकवतो. वजनगटासाठी मुली दोन दिवस पाणी सोडतात. थांबवावं का? — प्रशिक्षक, कोल्हापूर

हो, थांबवा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. आदली रात्र वजन उतरवण्यात गेली होती. सोबत तज्ज्ञांचं पथक असताना हे होतं, तर शाळेच्या मैदानावर कुणाच्या भरवशावर? अठराखालच्या मुलीला वाढत्या वजनाच्या गटात खेळवा. सगळ्यांसमोर वजन करू नका, आकडा ओरडून सांगू नका. तीन महिने पाळी नाही, पायाच्या हाडाला बारीक तडा, तीच दुखापत पुन्हा पुन्हा, सतत थंडी: याचा अर्थ, सरावात खर्च होणाऱ्या ताकदीच्या मानाने खाणं कमी पडतंय. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याला वेगळं नाव देऊन संघांना लक्ष ठेवायला सांगितलं आहे. सरावानंतर अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे: दूध-केळं, दाणे-गूळ, उकडलेली अंडी. घरून येणार नसेल तर मैदानावर सोय करा. पाळीबद्दल विचारायला एक शिक्षिका नेमा.

प्रश्न : दाखवायचं कुणाला, आणि खर्च? — अनेक पत्रांतून

पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांची, सोबत फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ, आणि आहारतज्ज्ञ. तिघं एकमेकांशी बोलतात ना, हे विचारून घ्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो, तिथे खर्च अगदी कमी येतो. ज्या आहारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत मोजमापाचं ॲप डाउनलोड करायला लावतात, त्या या आजारासाठी योग्य नाहीत.

जायचं की नाही हे ठरत नसेल, तर १९९९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी बनवलेले पाच प्रश्न स्वतःला विचारा. पोट जास्त भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता? किती खातो यावरचा ताबा गेल्याची काळजी वाटते? तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं? लोक बारीक म्हणतात तेव्हाही स्वतः जाड वाटता? अन्नच आयुष्य चालवतंय असं वाटतं? दोन 'हो' आले तरी तपासून घ्या.

टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपनीला मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरावा लागतो. बहुतेक पॉलिसी मात्र फक्त दाखल झाल्यावरचा खर्च देतात. दाखल करताना कागदावर नुसतं 'अशक्तपणा' नको, आजाराचं पूर्ण नाव आणि नाडी, पोटॅशियम, ईसीजीचे निष्कर्ष लिहून घ्या. दावा नाकारला तर लेखी कारण मागा, मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येतं.